कार्यक्रमासाठी स्वरलिपी निवडताना या चुका टाळा

ग्वाल्हेरात स्वरलिपीची, म्हणजे स्वर-तालाच्या खुणांनी लिहून ठेवलेल्या गाण्यांची, टंचाई कधीच नव्हती. १९१४ मध्ये पंडित कृष्णराव शंकर पंडित यांनी आपली संगीतशाळा काढली, १९१८ मध्ये माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पद्धतीने शिकवणारे माधव संगीत विद्यालय सुरू झाले, आणि तेव्हापासून शहराच्या लष्कर या भागातल्या मराठी घरांत छापील पुस्तकांबरोबर हाताने उतरवलेल्या बंदिशींच्या वह्याही साठत गेल्या. अडचण निराळीच आहे. हाताशी इतके साहित्य असल्यामुळे कोणते पान कोणाच्या पुढे ठेवायचे, याचा विचार फारसा होत नाही. राग आवडीचा आहे, पद सर्वांना ठाऊक आहे किंवा पान सहज सापडले, एवढ्यावर निवड होते आणि तिचा दोष कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी लक्षात येतो. विद्यार्थ्यांना आणि भजनी मंडळांना पेटीची साथ करताना ज्या चुका वारंवार दिसल्या, आणि ज्यांपैकी काही मी स्वतःही केल्या, त्यांचाच विचार येथे केला आहे.

लिपी कोणती आहे हे न पाहता शिकवायला बसणे

ही चूक सर्वांत महागात पडते, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. आपल्याकडे प्रामुख्याने दोन लिपी चालतात, एक पंडित भातखंडे यांची आणि दुसरी पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांची. दोन्ही देवनागरीत असल्यामुळे त्या एकसारख्या वाटतात. परंतु त्यांतील काही खुणा दिसायला सारख्या असून अर्थाने अगदी उलट आहेत. भातखंडे लिपीत स्वराच्या डोक्यावरचा बिंदू तार (वरचे) सप्तक दाखवतो आणि मंद्राचा (खालच्या सप्तकाचा) बिंदू स्वराखाली येतो, तर पलुस्कर लिपीत डोक्यावरचा बिंदू हीच मंद्राची खूण असून तार सप्तकासाठी स्वरावर उभी रेघ दिली जाते. तीच उभी रेघ भातखंडे लिपीत मध्यमावर आली की तो तीव्र मध्यम ठरतो. कोमल स्वर एकीकडे खालच्या आडव्या रेघेने, तर दुसरीकडे हलन्तासारख्या खुणेने दाखवतात. तालाच्या ओळीतही हाच घोटाळा आहे, कारण भातखंडे लिपीत फुली म्हणजे सम (आवर्तनाची पहिली मात्रा) असते, तर पलुस्कर लिपीत अधिकाचे चिन्ह म्हणजे ‘खाली’ (टाळी न देता दाखवायची मात्रा) असते, आणि झेरॉक्सच्या पुसट प्रतीत फुली व अधिक यांतला फरक ओळखणे कठीण होते.

काही वर्षांपूर्वी एका महिला भजनी मंडळाला मी अशाच एका झेरॉक्सवरून भजन शिकवले. अस्थायीच्या, म्हणजे पदाच्या पहिल्या भागाच्या, सुरुवातीच्या स्वरांवर बिंदू होते, ते तार सप्तकाचे समजून काळी चारच्या पट्टीत (पेटीची चौथी काळी पट्टी षड्ज धरून) सराव सुरू केला आणि पहिल्याच ओळीला सर्वांचे आवाज चिरकू लागले. मी पट्टी काळी एकपर्यंत खाली आणली, तेव्हा अंतरा (पदाचा पुढचा भाग) इतका खाली गेला की शब्दसुद्धा ऐकू येईनात. भजनच अवघड आहे, असे आमचे मत होऊन बसले. दोन आठवड्यांनी मंडळातल्या एका काकूंनी घरातले मूळ पुस्तक आणले, तेव्हा ते पलुस्कर लिपीत असल्याचे कळले. जी ओळ मंद्रात गुणगुणायची होती, ती आम्ही तारात ओरडत होतो.

पान हातात आल्यावर प्रथम तालाची ओळ पाहावी. त्रितालात फुली, २, शून्य, ३ अशा खुणा असतील तर लिपी भातखंडे यांची. १, ५, अधिक, १३ असे मात्रांचेच आकडे असतील तर ती पलुस्करांची. तालाची ओळ कापली गेली असेल तर रागाची मदत घ्यावी. बिलावल थाटातल्या दुर्गा रागात तीव्र मध्यम नाही, त्यामुळे दुर्ग्याच्या बंदिशीत मध्यमावर उभी रेघ दिसली तर ती तार सप्तकाचीच असणार. एवढे करूनही शंका राहिली तर त्या प्रतीवरून शिकवू नये, मूळ पुस्तक मिळवावे. मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रात पहिला बळी बिंदूंचा जातो आणि दुसरा कोमलाच्या रेघेचा. म्हणून प्रत वाटण्यापूर्वी मूळ पानाशी ताडून तिच्यावर पेनाने खुणा ठळक कराव्यात.

गळ्याचा पल्ला न मोजणे

आपली स्वरलिपी चल षड्जावर, म्हणजे कोणत्याही उंचीला ‘सा’ मानण्यावर, उभी आहे, त्यामुळे कोणतेही पद कोणत्याही पट्टीत गाता येते, हे खरे. परंतु पट्टी बदलल्याने पदाचा पल्ला बदलत नाही. जे पद मंद्र पंचमापासून तार पंचमापर्यंत जाते ते दोन पूर्ण सप्तके मागते, आणि ती ज्याच्या गळ्यात नाहीत त्याला बाराच्या बारा पट्ट्यांत ते अवघडच जाणार. म्हणून निवड करताना संपूर्ण लिपीवर बोट फिरवून सर्वांत खालचा व सर्वांत वरचा स्वर शोधून पानाच्या कोपऱ्यात लिहावा. या कामाला दोन मिनिटे लागतात, आणि तरीही ते क्वचितच कोणी करते.

रागाचा स्वभावही येथे लक्षात घ्यावा लागतो. दरबारी कानडा मंद्र व मध्य सप्तकांत रमतो, पूरियाचेही तसेच आहे. उलट सोहनी आणि अडाणा यांची खरी जागा वरच्या अंगात आहे. तानसेनाच्या नगरीत दरबारी हवाच, अशा हट्टाने दहा वर्षांच्या मुलांच्या वृंदाला दरबारीची बंदिश दिलेली मी ऐकली आहे. मुलांनी मंद्र धैवत आणि निषाद मनापासून लावले, परंतु तिसऱ्या रांगेपलीकडे फक्त तबला पोहोचत होता. त्या वयाला भूप, दुर्गा, सारंग, काफी यांतल्या, मंद्र निषाद ते तार गंधार एवढ्या पल्ल्याच्या आत मावणाऱ्या बंदिशी शोभतात. आवाज फुटण्याच्या वयातल्या मुलांसाठी पल्ला त्याहूनही लहान ठेवावा आणि शेवटची तालीम होईपर्यंत पट्टी नक्की करू नये, कारण महिनाभरापूर्वी सोसलेली पट्टी त्या दिवशी सोसेलच याचा भरवसा नसतो.

स्त्री-पुरुषांनी एकत्र गायचे असेल तेव्हा अडचण वाढते. पुरुषांना साधारण काळी एक आणि स्त्रियांना काळी चार सोयीची असते. मधली एखादी पट्टी घेतली तर ती दोघांनाही अर्धवटच मानवते. अशा वेळी पट्टीवर वाद घालत बसण्यापेक्षा आठ-नऊ स्वरांत मावणारे पद निवडावे. तेच पद हवे असा आग्रह असेल तर खालच्या अंगाची अस्थायी पुरुषांना, वरच्या अंगाचा अंतरा स्त्रियांना आणि ध्रुवपद सर्वांना, अशी विभागणी लिपीवरच लिहून ठेवावी.

गायनाची लिपी वाद्याला जशीच्या तशी देणे

सहा छिद्रांच्या बासरीवर सर्व छिद्रे बंद केली की मंद्र पंचम मिळतो. त्याखाली फार तर एखादा स्वर निघतो. पूरियातली जी बंदिश मंद्र गंधाराला जाते ती त्या बासरीवर वाजणार नाही, आणि तो स्वर वरच्या सप्तकात उचलला तर रागाचे वजन बिघडते. पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, नाही, त्यामुळे दरबारीचा आंदोलित गंधार ज्या पदाचा प्राण आहे ते एकल पेटीसाठी न घेतलेलेच बरे. तेथे द्रुत त्रितालातली स्पष्ट तुटक स्वरांची बंदिश किंवा तराणा अधिक उठून दिसतो.

लग्नाच्या बँडमधले किंवा शाळेच्या वाद्यवृंदातले वादक पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन वाचतात, तेव्हा प्रश्न थोडा वेगळा होतो. ती लिपी अचल आहे. तिच्यातला स्वर म्हणजे ठरावीक उंचीचाच स्वर असतो, त्यामुळे षड्ज कोठे मानायचा हे आपण आधी ठरवून द्यावे लागते. शिवाय बी फ्लॅट क्लॅरिनेटवर लिहिलेला स्वर एका पूर्ण स्वराने खाली वाजतो, म्हणून पेटीचा षड्ज पांढरी एक असेल तर क्लॅरिनेटवाल्याच्या कागदावर षड्जाच्या जागी ‘डी’ लिहिलेला हवा. आल्टो सॅक्सोफोनसाठी त्याच षड्जाला ‘ए’ लिहावा लागतो. हे न करता सर्वांना एकच कागद वाटला की पहिल्या तालमीत जो कल्लोळ होतो, त्याचे खापर बिचाऱ्या वादकांवर फुटते. ज्या वाद्याची लिपी त्याच वाद्याच्या नावाने स्वतंत्र लिहून द्यावी, हाच यावरचा उपाय आहे.

मात्रा जुळल्या म्हणजे ताल जुळला असे समजणे

चौताल आणि एकताल या दोन्हींच्या मात्रा बारा असून टाळी-खालीच्या जागाही सारख्याच आहेत, त्यामुळे लिपीचा नुसता सांगाडा पाहून हे धृपद आहे की ख्याल, हे ओळखता येत नाही. पानावर तालाचे नाव नसेल तर एखादे धृपद तबल्यावरच्या एकतालात बसवले जाते. मात्रा चुकत नाहीत, परंतु पखवाजाच्या खुल्या बोलांवर उभे असलेले ते पद लुळे पडते. तानसेन समारोहाच्या सभा येथील संगीतशाळांच्या विद्यार्थ्यांच्या धृपदगायनाने सुरू होतात, त्यामुळे ग्वाल्हेरच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. पखवाजवादक मिळणार आहे की नाही, हे विचारूनच धृपदाचे पान उघडावे. विलंबित ख्यालाचेही तसेच आहे. तिलवाडा या संथ तालातली बंदिश सांभाळणारा तबलजी सोबत नसेल तर मध्यलय त्रितालातली बंदिश घेण्यात कमीपणा नाही.

शब्द न वाचणे

ख्यालाच्या बंदिशींत सासू-नणंदेच्या तक्रारी, परदेशी गेलेला प्रियकर आणि रात्रीची आर्जवे यांची रेलचेल असते. रागाच्या शिक्षणात त्याचे काही वाटत नाही, परंतु आठ वर्षांच्या मुलीने ते शब्द व्यासपीठावरून म्हटले की सभागृहात हसू पिकते आणि मुलीला आपले काय चुकले ते कळत नाही. लहानांसाठी सरगम गीत, लक्षणगीत किंवा ईशस्तुतीची बंदिश सहज मिळते. भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत एकेका रागाच्या इतक्या बंदिशी आहेत की शब्दांसाठी राग सोडण्याची वेळ येऊ नये. आमच्याकडच्या मराठी मुलांचा आणखी एक प्रश्न असतो. त्यांना ब्रजभाषेतले शब्द लिपीत तुटक अक्षरांनी आणि अवग्रहांनी ताणलेले दिसतात आणि ती ते तसेच तोडून गातात. म्हणून लिपीच्या वर संपूर्ण ओळ सलग लिहून तिचा अर्थ आधी सांगावा.

प्रसंग शेवटी आठवणे

मंगलाष्टकांची स्वरलिपी केरव्यात बांधून दिलेली मी एका लग्नात पाहिली. मंगलाष्टके शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात, त्याच्या चरणात एकोणीस अक्षरे असून बाराव्या अक्षरानंतर यती येतो. त्या चालीला तालाचा पिंजरा लागत नाही. मुलीचे मामा अक्षता हातात धरून ‘सावधान’ची वाट पाहत उभे, आणि गायिका मात्रा पूर्ण होण्याची वाट पाहत थांबलेल्या, असा तो देखावा होता. अशा पदाची लिपी तालाविना, फक्त स्वर आणि विरामाच्या जागा दाखवणारी असावी.

श्रद्धांजली सभेत द्रुत लयीचे भजन, गणेशोत्सवात रात्री अकरा वाजता सुरू केलेला विलंबित ख्याल, दहा मिनिटांच्या वेळेत तीन अंतऱ्यांचे पद, या चुका सांगून समजण्यासारख्या आहेत, म्हणून त्यांवर अधिक लिहीत नाही. रागाच्या वेळेबाबत मात्र माझे मत थोडे कडक आहे. सकाळच्या सभेत यमन ऐकून ग्वाल्हेरचे जाणकार उठून जात नाहीत, पण मान हलवणेही थांबवतात. धमारातल्या होरीचे शब्द फाल्गुनात जितके जिवंत वाटतात तितके पौषात वाटत नाहीत.

चूक उशिरा लक्षात आली तर

कार्यक्रम दोन दिवसांवर आला असताना नवे पद घेऊ नये. पद फार वर जात असेल तर अंतऱ्यातली तार सप्तकातली एखादी जागा अस्थायीच्या वळणाने फिरवून तशी लिपीवर लिहून घ्यावी. गुरूला विचारून केलेला असा बदल मैफलीत खपतो, परीक्षेत मात्र खपत नाही. छापील लिपी आणि गुरूने शिकवलेली चाल यांत फरक निघाला तर गुरूची चाल ठेवावी, कारण लिपीत कण, मींड आणि श्वासाच्या जागा पूर्णपणे उतरत नाहीत, आणि एकच बंदिश ग्वाल्हेरच्या दोन घरांत दोन वळणांनी गायली जाते. परंतु ती तफावत सर्वांच्या प्रतींत एकाच रीतीने दुरुस्त केलेली हवी. शेवटच्या तालमीला सर्व प्रती गोळा करून, पट्टी, लय आणि आवर्तनांची संख्या प्रत्येकीवर पेन्सिलीने लिहून, त्या पुन्हा वाटाव्यात, आणि पेटीवाल्याची प्रत मोठ्या अक्षरांत एकाच पानावर बसवावी, कारण पान उलटायला त्याचा एक हात मोकळा नसतो. दुसरा भात्यावर असतो.