बसमधून ‘गेट ऑफ’, रिक्षातून ‘गेट आउट ऑफ’
स्वारगेटला बसमधून उतरताना आपण सर्रास ‘गेट डाउन’ म्हणतो. पुण्यात ते सगळ्यांना कळतं, पण मुलाखतीत किंवा परदेशी माणसाशी बोलताना ‘गेट ऑफ’ म्हणावं. बस, मेट्रो, विमान, म्हणजे ज्यात उभं राहून चालता येतं, तिथे ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. दुचाकीलाही तेच. रिक्षा-कारमध्ये वाकून शिरावं लागतं, म्हणून ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट ऑफ द रिक्षा’. पाहुण्याला नुसतं ‘गेट आउट’ म्हणू नका, ते ‘चालता हो’ असं ऐकू येतं! मिळणं, होणं, समजणं हे ‘गेट’चे बाकीचे अर्थ वाक्यावरून उमगतात. येता-जाता मनात बोलून पाहा: ‘आय गॉट ऑफ ॲट डेक्कन, गॉट इंटू अ रिक्षा अँड गॉट होम.’ ‘होम’आधी ‘टू’ लावायचा नाही, ‘ऑफिस’आधी मात्र ‘टू द’ हवंच.