नाशिकमध्ये घरचं नेट घेताय? स्पीड नंतर, आधी वायर बघा

'कुठलं नेट घेऊ?' असं विचारलं की लोक पटकन कंपनीचं नाव सांगून मोकळे होतात. या सल्ल्याला काही अर्थ नाही. ज्या कंपनीचं कॉलेज रोडवरचा माणूस तोंड भरून कौतुक करतो, तिलाच जेलरोडवरचा शिव्या घालतो, आणि दोघंही खरंच बोलत असतात. चारशे-पाचशे रुपयांच्या प्लॅनमध्ये सगळ्यांकडे साधारण तेच मिळतं. फरक पडतो तो वायर तुटल्यावर ती जोडायला कोण येतो आणि कधी येतो, यात. नेट निवडायचं म्हणजे हा माणूस शोधायचा. बाकीचं सोपं आहे, ते भराभर उरकू.

किती स्पीड लागतो

चार माणसांच्या घराला ३० ते ४० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) भरपूर झाले. एचडी व्हिडिओला ५ एमबीपीएस पुरतात, फोरकेला १५ च्या आसपास, ऑफिसच्या व्हिडिओ कॉलला तीन-चार. मुलगा गेम उतरवतो, तुम्ही मोठ्या फायली पाठवता, असं रोजचं असेल तरच १०० घ्या. आणि ४० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल सेकंदाला ५ एमबीनेच (मेगाबाइट) उतरणार, कारण ८ बिटचा एक बाइट होतो. त्यावरून केबलवाल्याशी भांडू नका.

वायर कुणाची, माणूस कुणाचा

कंपनीच्या साइटवर पिनकोड टाकला की 'तुमच्या भागात सेवा उपलब्ध' असं येतं. त्याचा अर्थ तुमच्या इमारतीत वायर आली आहे, असा होत नाही. एका पिनकोडात अख्खी पंचवटी मावते. चौकात कंपनीच्या छत्रीखाली बसलेला मुलगा 'उद्याच जोडून देतो सर' म्हणेल. त्याचं काम फॉर्म भरून घेण्याचं आहे, वायर ओढण्याचं नाही. त्याला पैसे देण्याआधी पुढचं करा.

खाली पार्किंगमध्ये जा. मीटरच्या आसपास किंवा जिन्याखाली फायबरचे डबे ठोकलेले असतात. कुठल्या कंपनीचे आहेत ते बघा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कसे आहेत ते बघा. झाकण बंद, वायरी गुंडाळून आत, फ्लॅट नंबरची चिठ्ठी लावलेली, म्हणजे कुणीतरी लक्ष देतंय. झाकण गायब, वायरींचा झुपका लोंबतोय, जॉइंटला चिकटपट्टी मारलीय, म्हणजे इथे येणारा माणूस घाईत येतो आणि घाईत जातो. डबाच नसेल तर गल्लीतल्या खांबावर बघा. जुन्या नाशकात, भद्रकाली-रविवार कारंजाच्या बाजूला, बहुतेक वायर एका वाड्यावरून दुसऱ्या वाड्यावर वरूनच गेलेली असते. तिथे कुणाची वायर कुणाच्या कौलांवरून येते हेही विचारून घ्या. उद्या शेजाऱ्याने घर पाडायला काढलं की तुमचं नेट गेलं.

मग वॉचमनला विचारा : 'दादा, इथलं नेट दुरुस्त करायला कोण येतो?' तो नाव घेऊन सांगेल, बऱ्याचदा मोबाइलमधून नंबरही काढून देईल. हा नंबर टोल-फ्री नंबरापेक्षा दसपट कामाचा. मोठ्या कंपन्यासुद्धा शेवटच्या टप्प्याची वायर आणि दुरुस्ती बऱ्याच ठिकाणी स्थानिक ठेकेदारांकडे देतात. बीएसएनएलचं फायबरही पुष्कळ भागांत स्थानिक भागीदारच चालवतात. म्हणून एकाच कंपनीचं नेट एका कॉलनीत सरळ चालतं आणि दोन गल्ल्या सोडून रडतं.

शेजाऱ्यांना विचारताना 'कसं आहे नेट?' असं विचारू नका. 'बरं आहे' हेच उत्तर येतं. विचारायचं ते असं : शेवटचं कधी बंद पडलं होतं? किती वेळात सुरू झालं? कोण आलं होतं? हे तीन प्रश्न दोन-तीन घरांत विचारले की चित्र स्पष्ट होतं. 'माझा रेफरल कोड टाक' म्हणणाऱ्याचं मत मात्र धरू नका, त्याला बिलात सूट मिळणार असते. जमलं तर रात्री नऊच्या सुमारास कुणाकडे तरी जाऊन स्पीड बघा. मालिका, क्रिकेट आणि पोरांचे गेम सगळे त्याच वेळी सुरू असतात. दुपारी तीनचा स्पीड कुणीही दाखवील.

स्पीड टेस्टमध्येही एक गोम आहे. टेस्टचं पान आपोआप जवळचा सर्व्हर निवडतं, आणि तो पुष्कळदा त्याच नेटवाल्याचा असतो. घरातल्या घरात धावल्यासारखं ते, आकडा झकास येतो. सर्व्हर बदलून मुंबईतला दुसऱ्या कंपनीचा निवडा आणि पुन्हा बघा. दोन्हींत मोठी तफावत आली तर त्या ऑपरेटरकडे बाहेरची लाइन अपुरी आहे असं समजा.

आता ज्या गोष्टीने मला फार छळलं ती. पाथर्डी फाट्याला भाड्याने राहायचो तेव्हा पाऊस लागला की नेट तुटायचं. पूर्ण बंद नाही, सारखं जा-ये. ऐन मीटिंगमध्ये आपला चेहरा गोठलेला आणि समोरचे 'हॅलो, हॅलो' करतायत. तक्रार केली की कॉल सेंटरचं ठरलेलं उत्तर : राउटर बंद करून चालू करा. संध्याकाळी मेसेज यायचा, तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे. घरातल्या राउटरच्या डब्यावर लाल दिवा नाही म्हणजे लाइन ठीक, इथे त्यांचं ज्ञान संपायचं. शेवटी एक लाइनमन प्रकाश मोजायचं मीटर घेऊन आला आणि आकडा निघाला उणे २९. गच्चीवरच्या जॉइंटच्या डब्यात पाणी शिरलं होतं. त्याने तिथली फायबर कापून मशीनवर नवा जॉइंट मारला, आकडा उणे २१ वर आला आणि कटकट मिटली.

हा आकडा कळला की अर्ध्या भांडणांचा निकाल लागतो, म्हणून नीट सांगतो. फायबरमधून येतो तो प्रकाश. तो तुमच्या घरातल्या डब्यापर्यंत किती ताकदीने पोचतो ते डीबीएममध्ये मोजतात आणि आकडा नेहमी उणे असतो. शून्याकडे जितका जवळ तितका प्रकाश जास्त. उणे १८ ते २४ असेल तर निवांत राहा. उणे २७ च्या पलीकडे गेला की घरगुती डब्यांना तो प्रकाश ओळखायला जड जातं. लाल दिवा लागत नाही, पण लाइन तुटत राहते. जोडणीच्या दिवशीच तंत्रज्ञाला मीटर लावून आकडा दाखवायला सांगा आणि फोटो काढून ठेवा. मीटर नसेल तर राउटरच्या सेटिंगच्या पानावर 'ऑप्टिकल' किंवा 'आरएक्स पॉवर' या नावाने तोच आकडा दिसतो. उणे २५ च्या खाली जोडून दिलेली लाइन मी घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. 'चालतंय ना सर' म्हणतील. आज चालतंय. एक जॉइंट सैल झाला की बंद.

प्रकाश कमी येण्याची कारणं साधी असतात : कनेक्टरवर धूळ, वायर दाराच्या चौकटीत काटकोनात मुडपलेली, खिळा जोरात ठोकलेला. आतली काच केसाएवढी बारीक, ती नीट वळवली तर वळते, चेपली की प्रकाश गळतो. भिंतीवरून वायर नेताना कोपऱ्यात ऐसपैस वळण द्यायला लावा. दिसायला वाईट दिसेल, दिसू दे.

आणि खोदकाम. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत शहरात रस्त्यांची कामं निघाली आहेत. जमिनीखालची फायबर जेसीबीने तुटते, खांबावरची उंच ट्रकने किंवा झाडाच्या फांदीने. तुटणार दोन्ही. म्हणून 'आमची लाइन अंडरग्राउंड आहे' या वाक्यावर भाळू नका.

माझं स्पष्ट मत : खर्च कमीत कमी ठेवायचा असेल, ऑपरेटर तुमच्याच कॉलनीत राहत असेल आणि शेजारी त्याचं नाव चांगलं घेत असतील, तर डोळे झाकून त्याच्याकडून घ्या. त्याला रोज त्याच रस्त्याने घरी जायचं असतं. फक्त आधी विचारा की पक्कं बिल मिळेल का. ऑफिस नेटचे पैसे देत असेल तर जीएसटीचं बिल लागतंच, आणि वहीतली सही तिथे चालत नाही. अपलोडचा स्पीडही विचारा. फायबरवर बहुधा डाउनलोडइतकाच मिळतो, जुन्या केबल टीव्हीच्या तारेवर मात्र फारच कमी. घरच्या कॅमेऱ्याचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) बाहेरून थेट आयपीवर बघायचा असेल तर पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट गाठता येणारा नेटवरचा पत्ता, मिळेल का आणि त्याचे किती, हेही विचारून ठेवा.

मखमलाबाद-गिरणारेकडे मळ्यात राहत असाल आणि वायर येतच नसेल, तर गच्चीवर रिसीव्हर बसवून टॉवरवरून येणारं एअरफायबर हा पर्याय आहे. वायर येत असताना ते घेऊ नका. टॉवरवर गर्दी झाली की संध्याकाळी स्पीड उतरतो.

वर्षाचा हिशेब मांडा, महिन्याचा नको

जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. ३९९ चा प्लॅन ४७१ ला पडतो, ४९९ चा ५८९ ला. ४७१ ने वर्षाला ५,६५० रुपये झाले. त्यात जोडणीचे पैसे, राउटरचं डिपॉझिट धरा. केबलवाला 'सगळं धरून पाचशे' म्हणाला तर वर्षाचे ६,००० आणि डब्याचे वेगळे. फरक इतका थोडा आहे की निर्णय पुन्हा दुरुस्तीवरच येतो.

महिना म्हणजे किती दिवस, हे विचारा. २८ दिवसांचा असेल तर वर्षाला १३ रिचार्ज होतात. 'अमर्याद'लाही मर्यादा असते. मोठ्या कंपन्यांच्या फायबर प्लॅनमध्ये ती बहुधा महिन्याला ३,३०० जीबी आहे. एचडी व्हिडिओ तासाला ३ जीबी खातो, तेव्हा साध्या घराला ती गाठायची म्हटलं तरी गाठता येणार नाही. छोट्या ऑपरेटरची मर्यादा मात्र विचारून घ्या.

ओटीटीच्या मोहात पडून ३९९ ऐवजी ५९९ चा प्लॅन घेतला की वर्षाला २,८३२ रुपये जादा जातात. त्यातलं खरंच काय बघता ते घरात विचारा. आणि पहिल्याच दिवशी सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे भरू नका, कितीही 'एक महिना फ्री' मिळू दे. आधी एक महिना भरा, शक्यतो पावसाळ्यातला. मग लांबचा प्लॅन.

जोडणीच्या दिवशी

घरी थांबा. तंत्रज्ञाला जिथे सोपं पडतं, म्हणजे दाराजवळ किंवा टीव्हीमागे, तिथे तो डबा ठोकून जातो. डबा घराच्या मध्यावर, डोक्याएवढ्या उंचीवर हवा. दहा-पंधरा फूट वायर जास्त लागेल, तिचे पैसे द्या.

राउटर दोन बँडचा घ्या. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे जातो पण संथ, ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण दोन भिंतींत दमतो. वाड्याच्या जाड भिंती किंवा डुप्लेक्स असेल तर वायफाय पुढे ढकलणारा रिपीटर घेऊ नका, बहुतेक स्वस्त रिपीटर स्पीड अर्ध्यावर आणतात. लॅनची, म्हणजे राउटरला जोडायची, वायर टाकून आत दुसरा राउटर लावा. १०० च्या वरचा प्लॅन असेल तर लॅनच्या आठही तारा जोडलेल्या आहेत ना, बघा. चार जोडल्या तर १०० च्या पुढे जाणार नाही.

राउटरचा छोटा यूपीएस घ्या. अॅडॅप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय ते बघून त्याच मापाचा. वीज गेल्यावरही लाइनमध्ये प्रकाश बऱ्याचदा येत असतो, अंधारात फक्त तुमचा डबा बसलेला असतो.

बिघडलं तर, आणि सोडताना

आधी लाइनमनला फोन, लगेच अॅपवर तक्रार. तक्रार क्रमांकाशिवाय पुढे काही हलत नाही. न सोडवता बंद केली तर त्याच कंपनीच्या अपील विभागाकडे जा, तिथेही नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, एकेका ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही, तिथे पत्र लिहिण्यात वेळ घालवू नका.

नेट सोडताना डबा आणि अॅडॅप्टर परत देताना मागचा सिरियल नंबर दिसेल असा फोटो काढा आणि घेऊन जाणाऱ्याकडून पावती घ्या. पावती नाही म्हणाला तर डबा देऊ नका, दुसऱ्या दिवशी या म्हणावं. नाहीतर डिपॉझिट तर जातंच, वर डब्याच्या पैशांसाठी वसुलीचे फोन सुरू होतात.