सूर्यघर योजनेचा अर्ज भरण्यापूर्वी

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेतून छतावर सौर संच बसवू इच्छिणाऱ्या घरमालकाने सर्वप्रथम वीजबिल हाती घ्यावे. बिल दिवंगत वडिलांच्या किंवा आधीच्या मालकाच्या नावावर असणे आपल्याकडे नेहमीचेच आहे. तसे असल्यास महावितरणकडे, अथवा ज्या कंपनीची वीज असेल तिच्याकडे, नावबदलाचा अर्ज आधी करावा, कारण पुढचे सारे काम त्याच ग्राहक क्रमांकावर चालते. मग मागील बारा महिन्यांचा वापर मांडावा. एक किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी चार युनिट देतो, पावसाळ्यात बरेच कमी. म्हणून केवळ मे महिन्याच्या बिलावरून क्षमता ठरवू नये.

सर्वाधिक वेळ छताला द्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते. पण पाण्याची टाकी, शेजारची इमारत किंवा नारळ यांची सावली दिवसभरात कुठवर सरकते, विशेषतः हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असताना, हे स्वतः पाहावे, कारण एका पॅनेलवरील सावलीमुळे त्याला जोडलेल्या इतर पॅनेलांचेही उत्पादन घटू शकते. गळती असेल तर वॉटरप्रूफिंग आधीच उरकावे. सांगाडा उभा राहिल्यावर खालची दुरुस्ती अवघड होते. गच्ची सामाईक असेल तर सोसायटीची लेखी संमती घ्यावी.

अनुदान एका किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला कमाल ७८,००० रुपये आहे. ते संच सुरू झाल्यानंतर खात्यात जमा होते. त्यामुळे पूर्ण रकमेची किंवा बँकेच्या कर्जाची सोय आधी करावी आणि रद्द केलेला धनादेश हाताशी ठेवावा. पुरवठादार योजनेच्या संकेतस्थळावरील नोंदणीकृत यादीतूनच निवडावा. दोन-तीन लेखी दरपत्रके ताडून पाहावीत आणि पॅनेल व त्यांतील सेल भारतीय बनावटीचे असल्याची खात्री करावी, कारण ती अनुदानाची अट आहे. अर्थिंग, आकाशातून कोसळणाऱ्या विजेपासून बचाव करणारा वीजरोधक आणि पाच वर्षांची देखभाल यांचा करारात स्पष्ट उल्लेख असावा.

बॅटरी नसलेला, नेट मीटरचा (कंपनीकडून घेतलेली आणि तिला परत दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरचा) संच वीजपुरवठा खंडित होताच सुरक्षिततेसाठी आपोआप बंद पडतो, हे घरातल्या सर्वांना आधीच सांगावे; ज्यांच्याकडे भारनियमन होते, त्यांनी बॅटरीचा वेगळा खर्च सुरुवातीलाच धरावा.