कोडिंग मुलाखतीतलं घड्याळाचं कोडं कसं सोडवावं

प्रश्न असा असतो: चोवीस तासांच्या घड्याळातली एक वेळ दिली आहे, समजा १५:४८. फक्त तिच्यातलेच अंक, हवे तितक्या वेळा वापरून, यानंतर सर्वांत आधी येणारी वेळ सांगा. इथे उत्तर १५:५१.

बरेच उमेदवार थेट अंकांच्या अदलाबदलीला भिडतात. शेवटचा अंक वाढवता येतो का, नाही तर त्याच्या आधीचा, तासात पहिला अंक २ असेल तर दुसरा ३ पेक्षा मोठा नको... अटींवर अटी चढत जातात आणि एखादी निसटतेच. ही वाट सोडा. दिवसात मिनिटं असतात अवघी १४४०. एवढ्याशा जागेत एकेक मिनिट तपासत जाणं हाच सरळ आणि सुरक्षित मार्ग आहे.

आधी दोन शंका विचारून घ्या: एकच अंक पुन्हा वापरता येतो ना? आणि सगळे अंक सारखेच असतील, जसं ११:११, तर काय अपेक्षित आहे? (बहुधा उत्तर तेच, दुसऱ्या दिवशीचं ११:११.)

आता वेळेतले वेगवेगळे अंक एका संचात ठेवा: १, ५, ४, ८. मग वेळेची मिनिटं करा. तास गुणिले ६०, अधिक मिनिटं: १५ × ६० + ४८ = ९४८. पुढचं काम एका लूपचं, म्हणजे त्याच पायऱ्या पुन्हा पुन्हा करण्याचं. एक मिळवा, १४४० ने भागून बाकी घ्या, त्या बाकीची पुन्हा वेळ करा आणि तिचे चारही अंक संचात आहेत का ते पाहा. १५:४९ मध्ये ९ अडतो, १५:५० मध्ये शून्य अडतं, १५:५१ चालते. थांबा.

बाकी घेण्याची पायरी विसरू नका, सगळी खुबी तिच्यात आहे. २३:५९ म्हणजे १४३९. एक मिळवला की १४४०, बाकी शून्य, म्हणजे मध्यरात्र. तिथून चालत गेलात की २२:२२ सापडते. लूप अडकून पडण्याची भीतीही नाही, कारण जास्तीत जास्त १४४० पावलांत मूळ वेळच परत येते आणि ती नेहमीच चालते. ही मर्यादा इनपुटवर, म्हणजे दिलेल्या वेळेवर, अवलंबून नसल्यामुळे वेळेची गुंतागुंत (टाइम कॉम्प्लेक्सिटी, म्हणजे इनपुटनुसार काम किती वाढतं याचं माप) स्थिर आहे, हे मुलाखतीत स्वतःहून सांगा.

वेळ परत लिहिताना पुढचं शून्य जपा. ०८:५९ चं उत्तर ०९:०० आहे. शून्य गाळून नुसतं ८:५९ घेतलंत, तर शून्य संचातच येणार नाही आणि उत्तर चुकेल.

याहून वेगवान काही आहे का, असं विचारतील. चार अंकांच्या जास्तीत जास्त २५६ जुळण्या होतात. त्यातल्या वैध वेळांपैकी सर्वांत कमी अंतरावरची निवडता येते. मात्र मूळ वेळेचं स्वतःपासूनचं अंतर तिथे शून्य न धरता १४४० धरावं लागतं. आकडा लहान असला तरी फरक नगण्य, म्हणून मी पहिलीच पद्धत लिहीन आणि ही तोंडी सांगेन.

कधी उलटा प्रश्न येतो: आधीची वेळ शोधा. तेव्हा एक वजा करताना जपा. शून्यातून एक वजा केल्यावर १४४० ची बाकी पायथनमध्ये १४३९ येते, पण सी आणि जावामध्ये उणे एक. एक वजा करण्याऐवजी १४३९ मिळवून मग बाकी घेतली की तिन्ही भाषांत उत्तर बरोबर येतं.