छापील पानावर चालू व्हिडिओत चित्र बसवताना: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

पुण्यातले प्रकाशक आणि ई-लर्निंगची कामे करणारे छोटे स्टुडिओ यांच्यामध्ये राहून मी काही वर्षे हे काम करीत आहे. छापील पानावर मोबाइलचा कॅमेरा धरला की पडद्यावर त्या पानावरचे चित्र बदलते किंवा हलू लागते; ते बदललेले चित्र तयार करणे आणि चालू व्हिडिओवर बेमालूम बसवणे, हे माझे काम. या क्षेत्रात येऊ पाहणारे विद्यार्थी बहुधा कोणते सॉफ्टवेअर शिकावे, एवढेच विचारतात. पान ओळखण्याचे काम व्ह्युफोरिया, एआरकोर किंवा एआरकिट ही ऑगमेंटेड रिॲलिटीची (एआर) तयार साधने बऱ्यापैकी करतात. घोडे अडते ते कागद, शाई आणि उजेड यांच्यापाशी, आणि त्याविषयी अभ्यासक्रमात फारसे शिकवले जात नाही.

तरीही तयार साधनाला हात लावण्याआधी पायथॉन आणि ओपनसीव्ही ही चित्रांवर प्रक्रिया करणारी लायब्ररी घेऊन हा सारा प्रकार एकदा स्वतः लिहून पाहावा. मूळ चित्रातले आणि कॅमेऱ्यातल्या फ्रेममधले ठळक बिंदू शोधायचे, त्यांच्या जोड्या जुळवायच्या, चुकीच्या जोड्या रॅन्सॅक या १९८१ पासून रूढ असलेल्या पद्धतीने गाळायच्या आणि उरलेल्या जोड्यांवरून होमोग्राफी, म्हणजे सपाट पानावरचा प्रत्येक बिंदू फ्रेममध्ये कुठे येतो ते सांगणारे गणिती रूपांतर, काढायची. होमोग्राफीत आठ अज्ञात संख्या असतात आणि प्रत्येक बिंदू दोन समीकरणे देतो, म्हणून किमान चार बिंदू लागतात आणि त्यांतले कोणतेही तीन एका रेषेत असून चालत नाहीत. हे सगळे सेकंदाला तीस फ्रेम या वेगाने, म्हणजे सुमारे ३३ मिलिसेकंदांत, उरकावे लागते. एवढे समजले की ओव्हरले (व्हिडिओवर बसवलेले चित्र) का थरथरतो याचे उत्तर शोधता येते. एरवी सेटिंग बदलत बसावे लागते.

शनिवारवाड्याच्या पोस्टकार्डाचे उदाहरण घेऊ. १८२८ च्या आगीत वाड्याचे लाकडी मजले जळाले. आज दिसतात ते तट, बुरूज, दरवाजे आणि जोती. कार्डावर आजचा दिल्ली दरवाजा छापायचा आणि मोबाइलमध्ये त्यामागे जुन्या इमारतीचे कल्पनाचित्र उभे करायचे, अशी कल्पना कोणालाही सुचेल. (‘कल्पनाचित्र’ असे त्यावर स्पष्ट लिहावे, पुण्यात ते लिहिले नाही तर आक्षेपाची पत्रे येतात.) पण दरवाजावरचे अणकुचीदार खिळे ओळीने सारखेच असल्यामुळे एका खिळ्याची जोडी दुसऱ्याच खिळ्याशी लागते, आणि वर मोकळे आकाश असेल तर तिथे पकडायला बिंदूच सापडत नाही. अशा वेळी थोडा तिरपा कोन, झाडाची फांदी, पडलेली सावली असलेले छायाचित्र निवडावे. एआरकोरसोबत मिळणारे साधन चित्राला ० ते १०० मध्ये गुण देते आणि किमान ७५ गुण असावेत अशी शिफारस आहे. छपाईला जाण्यापूर्वी ही तपासणी करायलाच हवी. एआरकोरमध्ये रंगाची माहिती वापरली जात नाही, हेही ध्यानात ठेवावे. डोळ्यांना ठसठशीत दिसणारे लाल आणि हिरवे, करड्या छटेत सारखेच असले, तर ते त्याच्या लेखी एकच.

खरी संपादनाची मेहनत उजेडात आहे. संगणकावर देखणे दिसणारे चित्र ट्यूबलाइटखालच्या पानावर चिकटवल्यासारखे दिसते, कारण व्हिडिओतला कागद कधीच शुभ्र नसतो आणि मोबाइल आपल्या मर्जीने एक्स्पोजर व व्हाइट बॅलन्स बदलत राहतो. यावर मला उपयोगी पडलेला उपाय असा: फ्रेममधले पान होमोग्राफीने सरळ करून घ्यावे, त्याच्या प्रत्येक पिक्सेलला मूळ चित्रातल्या त्याच जागच्या पिक्सेलने भागावे, आलेला भागाकार भरपूर ब्लर करावा आणि त्याने ओव्हरलेला गुणावे. पानावर पडलेली हाताची सावली मग नव्या चित्रावरही पडते आणि कागदाचा पिवळसरपणा त्यात उतरतो. मूळ चित्रात गडद काळा भाग असेल तर भागाकार बेभान होतो. तिथे खालची मर्यादा घालावी. कडांना अल्फा चॅनलमध्ये (चित्राची पारदर्शकता ठरवणाऱ्या थरात) दोन-तीन पिक्सेलचा उतार दिला की कात्रीने कापल्यासारखी रेघ जाते. वाचकाचे बोट पानावर आले तर ओव्हरले बोटाच्या वर दिसू नये, यासाठी बोटाचा भाग वगळणारा वेगळा मास्क लागतो. हे अवघड आहे, आणि नवख्याने सुरुवातीला ते सोडून दिले तरी चालेल.

प्रेसमध्ये जाऊन उभे राहिल्याशिवाय मात्र हे काम येत नाही. ग्लॉसी लॅमिनेशनवर दिव्याचा पांढरा डाग पडतो आणि त्याखालचे बिंदू नाहीसे होतात, म्हणून मॅटचा आग्रह धरावा. परफेक्ट बाइंडिंगच्या (पाने पाठीला गोंदाने चिकटवलेल्या) जाड दिवाळी अंकात पान पाठीकडे वळते, तर होमोग्राफी पान सपाट आहे असेच धरून चालते. त्यामुळे टार्गेटचे, म्हणजे कॅमेऱ्याने ओळखायचे, चित्र बाहेरच्या समासाकडे ठेवण्याविषयी मांडणीकाराशी आधीच बोलून घ्यावे. मांडणी पक्की झाल्यावर कोणी ऐकत नाही. टार्गेट म्हणून नोंदवायची फाइल शक्यतो छापून आलेल्या कागदाच्या स्कॅनची असावी, कारण सीएमवायके (निळा, किरमिजी, पिवळा, काळा अशा चार शाईंच्या) छपाईत गडद छटा एकमेकींत मिसळून पीडीएफमधले बारकावे बुजतात.

सरावासाठी अप्पा बळवंत चौकातून वेगवेगळ्या कागदाची, बांधणीची चार-पाच जुनी पुस्तके आणावीत आणि त्यांतल्या एकेका चित्रावर काम करावे. मुलाखतीला जाताना सजवलेली शो-रील नेण्यापेक्षा स्वस्त मोबाइलवर, हातात धरून, पान हलवत घेतलेले एका मिनिटाचे न कापलेले चित्रण न्यावे आणि सोबत तेच छापील पानही ठेवावे, कारण समोरचा माणूस पहिल्यांदा ते पान तिरके धरून बघतो.