पाणी द्यायच्या आधी माती बघा
पिकाला पाणी द्यायची पाळी आली म्हणून मोटर चालू करू नका, आधी खुरप्याने मुळांपर्यंत, वीतभर तरी खोल उकरून मूठभर माती दाबून बघा. गोळा नीट होत असेल तर एक-दोन दिवस थांबलं तरी चालतं, भुगा होऊन सुटली तरच पाणी द्या (रेताड जमिनीत गोळा नीट होत नाही, तिथे हाताला ओल लागते का ते बघायचं). आणि शेतात सरळ कडांचा एक डबा उघड्यावर ठेवा, पाऊस पडला की पट्टीने मिलिमीटर मोजा, कारण 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी साधारण 4 हजार लिटर पाणी, म्हणजे 15 मिलिमीटर पडला तर 60 हजार लिटर, एवढं फुकट मिळाल्यावर विहीर कशाला उपसायची!