भिंत पाडलेलं घर विकायला काढताना

आमचं नागपूरच्या मानेवाड्यातलं घर विकायचं ठरलं आणि माझी झोप उडाली ती एका भिंतीमुळे. हॉल मोठा करायला बाबांनी मधली भिंत पाडली होती, तीही निव्वळ मिस्त्रीच्या शब्दावर. गिऱ्हाइकाला कळलं तर काय, या धास्तीत मी महिना घालवला. तो महिना तुमचा वाचावा म्हणून हे लिहितो आहे.

आधी घरात काय काय बदललं याची यादी करा: कोणती भिंत, कोणत्या वर्षी, कोणी केलं. आठवत नसेल तर वास्तुशांतीचा अल्बम काढा. आमची भिंत मला तिथेच सापडली, पाहुण्यांच्या पंगतीमागे, दिनदर्शिका टांगलेली.

मग भार कशावर आहे ते पाहा. जुन्या घरांत बहुधा कॉलम नसतात, स्लॅब थेट नऊ इंची भिंतींवर टेकलेला असतो. दाराच्या चौकटीपाशी टेप लावा. प्लास्टर धरून दहा इंचांच्या आसपास भरली तर ती भिंत भार घेणारी असू शकते. साडेचार इंची भिंत सहसा नुसता आडोसा असते. पाडलेल्या जागी वर बीम किंवा लोखंडी गर्डर आहे का? त्या भिंतीच्या डोक्यावर वरच्या मजल्याची भिंत उभी आहे का? दाराखिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा गेल्यात का?

भेग दिसली की लगेच हाय खाऊ नका. नागपुरात बऱ्याच ठिकाणी पायाखाली काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि मे महिन्यात आकसते, त्यानेही भिंती तडकतात. भेगेच्या टोकाला पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहा आणि दोन महिन्यांनी पाहा. भेग रेघेपुढे गेली असेल तर ती अजून वाढते आहे.

शेवटचा निवाडा मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरचाच, आणि तो लेखी घ्या. आमच्याकडे त्यांनी गर्डर टाकायला सांगितला. तो खर्च मला आजही सार्थकी लागलेला वाटतो, कारण त्या छताखाली कोणाची तरी लेकरं झोपणार होती.

कागदांसाठी, नकाशा ज्यांनी मंजूर केला त्या कार्यालयातून, महानगरपालिका असो की नागपूर सुधार प्रन्यास, प्रमाणित प्रत मागा. मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. मालमत्ता कराची पावती म्हणजे बांधकामाची मंजुरी नव्हे. आरएल, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, हातात आहे म्हणून मागाहून चढवलेली खोलीही नियमित झाली असं धरू नका, पत्रात काय लिहिलंय ते वाचा. वाढीव बांधकाम असेल तर ते नियमित होऊ शकतं का, हे आर्किटेक्टला आधीच विचारा.

आणि गिऱ्हाइकाला इसाराआधी सांगा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, साध्या पाहणीत दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल तर तो सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. करारात तशी नोंद करा, इंजिनिअरचा अहवाल जोडा. कर्ज देणारी बँक मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष घर ताडून पाहतेच. तेव्हा उघड झालं तर भाव पडतो, विश्वासही जातो.

आमच्या गिऱ्हाइकाने अहवाल दोनदा वाचला. पुढच्या रविवारी स्वतःचा इंजिनिअर आणला. त्याने स्टुलावर चढून गर्डरची दोन्ही टेकणं तपासली, खाली उतरून हात झटकले आणि म्हणाला, "काका, आता इसाराचं बोला."